उजव्या डोळ्यावरची पट्टी

चिठ्ठी सापडली तेव्हा मी मुलीच्या दप्तरात डबा शोधत होतो. डब्यातली भेंडी तशीच परत आली असणार याची मला खात्री होती आणि मला तिला पुराव्यासकट पकडायचं होतं. डब्याखाली शाळेची डायरी होती आणि डायरीत चार घड्या घातलेला एक कागद. वर शाळेचा शिक्का. 'आपल्या पाल्याचे डोळे नेत्रतज्ज्ञांकडून त्वरित तपासून घ्यावेत.' खाली वर्गाच्या बाईंची सही. सहीच्या खाली, वेगळ्या पेनाने, एका डोळ्यांच्या दवाखान्याचं नाव आणि तो किती ते किती उघडा असतो ते.

ते वेगळं पेन मला खटकलं.

माझं घाटकोपरला नळ, बेसिन आणि टाइल्सचं दुकान आहे. सुरुवातीला याच धंद्यात मी दुसऱ्याच्या गोदामात टाइल्सची खोकी उचलायचो. कोण कुणाला कुणाकडे पाठवतं आणि का पाठवतं, हे मी त्या गोदामात उभ्या उभ्या शिकलो. प्लंबर गिऱ्हाइकाला सांगतो, 'त्यांच्याकडे जा, माल चांगला असतो,' तेव्हा त्याला मालाबद्दल प्रेम असतं असं नाही. त्यामुळे शाळेच्या कागदावर दवाखान्याचं नाव दिसल्यावर माझ्या मनात काय आलं हे वेगळं सांगायला नको.

बायकोला कागद दाखवला.

"अहो, जवळ आहे म्हणून लिहिला असेल," ती म्हणाली.

"कुणाच्या जवळ?"

"तुम्ही ना, देवाने प्रसाद दिला तरी विचाराल, यात तुझा काय फायदा."

"विचारीन. का नाही विचारायचं?"

मुलगी समोर जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. दुसरीतली, सात वर्षांची. मी तिला विचारलं, "बाळा, फळ्यावरचं दिसतं ना तुला?"

"दिसतं की."

"मग बाईंनी चिठ्ठी का दिली?"

तिने खांदे उडवले आणि हत्तीला जांभळा रंग लावत राहिली. तेवढ्यावर मी तो कागद परत डायरीत ठेवला. आज विचार करतो तेव्हा तिथून दिवस मोजायला सुरुवात करतो. पुढचे जवळजवळ तीन आठवडे मी वाया घालवले.

या शाळेवर माझा राग जुना आहे, तो इथे सांगून टाकतो. मुलगी बालवर्गात असताना शाळेने मुलांची स्वच्छतागृहं नव्याने करायची ठरवली. मी स्वतः गेलो. दोन शनिवार घालवून मापं घेतली. पहिली-दुसरीच्या पोरांना जमिनीवर उभं करून त्यांचे हात कुठपर्यंत पोचतात ते भिंतीवर पेन्सिलने लिहिलं, कारण मोठ्यांच्या उंचीला बेसिन लावलं की लहान मूल हात धुतच नाही, नुसता नळाखाली दाखवतं आणि पळतं. मुलींच्या बाजूला कडी किती उंचीवर हवी तेही लिहून दिलं. संस्थेच्या लोकांनी चहा पाजला, वाहवा केली, माझा कागद ठेवून घेतला आणि काम दुसऱ्यालाच दिलं. त्या माणसाने टाइल्स माझ्याच यादीतल्या वापरल्या आणि बेसिनं मात्र लावली मोठ्यांच्या उंचीला. आजही पालकसभेला गेलो की मी आधी तिकडे जातो. पोरं टाचा उंच करून नळाला लोंबकळत असतात. बाहेर भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं रंगीत चित्र लावलंय.

म्हणून शाळेत आरोग्याच्या नावाखाली जे जे चालायचं त्याच्याकडे मी तिरक्या नजरेनेच बघायचो. आणि चालायचं बरंच. सोमवारी नखं बघायची. महिन्यातून एकदा केसांत उवा बघायच्या. दिवसातून तीनदा पाण्याची घंटा, ती वाजली की सगळ्यांनी बाटली उघडून घोट घ्यायचा. वर्षातून दोनदा वजन आणि उंची. एकदा वजन मला कमी वाटलं तर मी मुलीला दुकानाशेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभं केलं होतं. दीड किलोचा फरक आला. भंगारवाला म्हणाला, "शेठ, माझा काटा बरोबर आहे. शाळेचाच चुकतोय." भंगारवाल्यावर विश्वास ठेवण्याइतका मी शाळेवर चिडलेला होतो.

चिठ्ठी येऊन आठवडा झाला तशी बाईंनी डायरीत आठवण लिहिली. मी ठरवलं, दाखवायचंच तर आपल्या माणसाला दाखवू. आमच्या गल्लीत एक चष्मेवाला आहे. त्याच्या दुकानाचं बेसिन माझ्याकडचं, माझा वाचायचा चष्मा त्याच्याकडचा. संध्याकाळी मुलीला घेऊन गेलो. दुकानात गर्दी होती.

"काय रे, हिचं जरा बघ ना. शाळेवाल्यांनी डोक्याला ताप दिलाय."

"मशीन दुरुस्तीला गेलंय यार. तक्त्यावर बघतो, चालेल?"

"चालेल."

त्याने तिला स्टुलावर बसवलं. तळहाताने एक डोळा झाकायला सांगितला. तिने आकडे धडाधड वाचले. मग दुसरा डोळा. तेही धडाधड.

"झकास," तो म्हणाला. "पोरगी तुझ्यापेक्षा लांबचं बघते." आणि त्याने त्याच्या कार्डाच्या मागे दोन्ही डोळे उत्तम असल्याचं लिहून सही केली. मध्येच एका गिऱ्हाइकाला फ्रेमचा भावही सांगितला.

सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. दुसऱ्या कुणी माझ्या कामात अशी दोन मिनिटं लावली असती तर मी त्याचा हात धरला असता. पण हा आपला माणूस होता आणि मला हवं ते लिहून देत होता.

ते कार्ड खिशात घालून मी शाळेत गेलो. मधली सुट्टी संपत आलेली. वर्गाच्या बाई म्हणजे पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, साडीला पिना लावलेल्या. टेबलाशी बसून एका पोराच्या गुडघ्याला औषध लावत होत्या. मी कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. आवाज चढवायचा नाही असं जिन्यात ठरवलं होतं, ते जिन्यातच राहिलं.

"बाई, हे घ्या. दोन्ही डोळे उत्तम. आणि तुमच्या शाळेचं आरोग्य पत्रक काय म्हणतं? महिन्यापूर्वी तपासणी झाली ना शाळेत? त्यात लिहिलंय, दृष्टी नॉर्मल. मग ही चिठ्ठी कसली? की त्या दवाखान्याला मुलं कमी पडतायत?"

बाईंनी आधी पोराच्या गुडघ्याला पट्टी लावली. त्याला "पळू नको" म्हणाल्या, तो पळाला.

"तपासणीला मुलांची रांग तक्त्याच्या अगदी शेजारी उभी असते," त्या म्हणाल्या. "पाचव्या मुलापर्यंत सगळ्या रांगेला आकडे पाठ होतात. तुमची मुलगी तेविसावी होती."

"म्हणजे माझी मुलगी खोटं बोलते?"

"बसा जरा. वर्ग सुरू होतोय. मागे बसा, बोलू नका."

"मला दुकान आहे बाई."

"दहा मिनिटं."

मी सर्वांत मागच्या बाकावर बसलो. गुडघे मावेनात म्हणून आडवा बसलो. मुलीने मागे वळून बघितलं आणि पुन्हा पुढे वळली, जशी ओळखच नाही.

बाईंनी जाहीर केलं, "चाचे-चाचे खेळायचं?" वर्गाने छप्पर उडेल एवढा होकार दिला. मला वाटलं, आता माझ्यासमोर तमाशा. पण खेळ त्यांच्या सवयीचा दिसत होता. प्रत्येकाने रुमाल काढला आणि शेजाऱ्याच्या एका डोळ्यावर बांधला. बाई फिरून प्रत्येक गाठ बघत होत्या, रुमालाखाली कापसाचा बोळा सरकवत होत्या. मग त्या फळ्याजवळ गेल्या आणि हातातल्या चित्रांच्या पुठ्ठ्यांतून एकेक वर धरू लागल्या. ज्याचं नाव घेतील त्याने चित्र ओळखायचं आणि आपल्या जहाजात खजिना जमा करायचा. मासा. किल्ली. छत्री. माझ्या मुलीचा डावा डोळा झाकलेला होता. तिच्या वाट्याला कंदील आला, तिने चटकन सांगितला.

"आता दुसरा डोळा," बाई म्हणाल्या.

रुमाल बदलले. पुन्हा चित्रं. तिची पाळी आली. बाईंनी वर धरलेलं चित्र मला शेवटच्या बाकावरून स्वच्छ दिसत होतं. कात्री होती.

मुलीने डोळा बारीक केला.

"काय आहे गं हे?"

"बाई, आधी तुम्ही सांगा ना," ती म्हणाली. "मग मी सांगते बरोबर की चूक."

मुलं हसली.

"नाही, तूच सांग."

"घरात असतं का बाहेर असतं?"

"घरात."

"मोठं असतं का छोटं?"

"हातात मावतं."

"मग..." तिने मान तिरकी केली, उजवीकडे, मग डावीकडे. "दोन सांगते, त्यातलं एक तुम्ही धरा. चमचा नाहीतर फणी."

वर्गात हशा पिकला. शेजारचा पोरगा ओरडला, "अगं कात्री आहे, आंधळी!" तिने लगेच, त्याच दमात म्हटलं, "कात्रीच म्हणणार होते मी."

मला ती घासाघिशीची बोली पाठ होती. समोरच्याला आधी आकडा बोलू द्यायचा. आपण दोन सांगायचे, त्यातला एक त्याला उचलू द्यायचा. आपल्याला काय हवंय, काय कमी आहे, हे तोंडावर दिसू द्यायचं नाही. हे सगळं मी रोज जेवताना बायकोला सांगत असतो, आज अमक्याला कसं बसवलं, तमक्याला कसं गुंडाळलं. समोर आमटीभात कालवत बसलेली मुलगी ऐकत असते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

बाईंनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. "माझी शंका महिनाभराची आहे," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला हा खेळ घेते. गेल्या खेपेला ती म्हणाली, मला खेळायचं नाही. ज्या मुलाला खेळायचं नसतं त्याच्याकडे मी बघते."

"मला आधी का नाही सांगितलंत नीट?"

"फोन केला होता दोनदा. तुम्ही म्हणालात, चेक, वर्गणी, जे काय असेल ते बायकोशी बोला, आणि ठेवलात."

हे खरं होतं. पण तरी मला त्यांचा रागच आला. त्या दवाखान्यात मात्र मी गेलो नाही. मुलुंडला एक डॉक्टर शोधला, ज्याला ना शाळा माहीत ना गल्ली. त्याने तपासलं, डोळ्यांत थेंब घालून पुन्हा तपासलं, आणि सांगितलं की उजवा डोळा ठीक आहे, डाव्याचा नंबर खूप मोठा आहे, आणि मेंदूने डाव्याकडून येणारं चित्र घ्यायचंच सोडून दिलंय. आळशी डोळा. चष्मा हवा, आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला लावायचं.

मी दुसरं मत घ्यायला पार्ल्याला गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी शब्दही तेच वापरले. मला वाटलं, हे दोघे एकाच कॉलेजात शिकले असणार.

"बरा होईल ना?"

"सात वर्षं म्हणजे अजून वेळ आहे. पण फार नाही. जसं वय वाढेल तसा डोळा ऐकेनासा होतो. पट्टी रोज चार तास."

"दोन तास केली तर?"

"चार."

"तीन करा. शाळा असते हो तिला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे मी ठरवत नाहीये. तिच्या डोळ्याला चार हवेत."

चष्मेवाल्याला जाऊन मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. तो म्हणाला, "अरे, तिने बोटांच्या फटीतून बघितलं असणार. मला काय माहीत, तुझीच पोरगी." आता आम्ही बोलत नाही.

घरी पट्टीचा पहिला आठवडा म्हणजे युद्ध. चांगला डोळा झाकल्यावर ती भिंतीला धरून चालायची, टीव्हीच्या काचेला नाक लावायची, मग पट्टी ओरबाडून पलंगाखाली टाकायची. मी ओरडायचो, ती रडायची, बायको दोघांवर ओरडायची. एका संध्याकाळी मी तिला विचारलं, "तुला दिसत नव्हतं तर बोलली का नाहीस?"

"मग सगळ्यांना कळलं असतं."

"मला तरी सांगायचंस."

ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही शाळेत येऊन भांडला असता."

मी वाकून पलंगाखालची पट्टी काढली आणि झटकली. बायको स्वयंपाकघरातून बघत होती, आणि तिचं ते बघणं मला जास्त लागलं.

तरीही एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. मी शाळेत जाऊन मुलीचं पहिलीपासूनचं आरोग्य पत्रक मागितलं. दृष्टीच्या रकान्यात पहिलीतही 'नॉर्मल'. त्याखाली दात नॉर्मल, कान नॉर्मल, एकाच पेनाने, एका ओढीने. तारीख बघितली. त्या तारखेला आम्ही गावी होतो. गणपतीची सुट्टी संपली तरी तीन दिवस जास्त राहिलो होतो, माझ्या आईला ताप होता म्हणून. फोनमध्ये फोटो निघाला: मुलगी गावच्या पडवीत तवसं खात बसलीय, खाली तीच तारीख.

म्हणजे मला आलेला वास चुकीचा नव्हता. फक्त मी भुंकलो चुकीच्या माणसावर. जिने बघितलं तिच्यावर संशय घेतला, आणि ज्यांनी न बघता लिहिलं त्यांच्या कागदावर बोट ठेवून तिच्याशी भांडलो.

मोठ्या बाईंच्या खोलीत मी पत्रक आणि फोन शेजारी शेजारी ठेवले. वर्गाच्या बाईंनाही बोलावलं होतं. मोठ्या बाईंनी चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं.

"त्या वर्षीच्या शिक्षिका आता नाहीत," त्या म्हणाल्या.

"रकाना आहे ना. एक वर्ष गेलं माझ्या मुलीचं. सहाव्या वर्षी कळलं असतं."

"तुम्हाला तक्रार करायची असेल तर जरूर करा."

मला करायची होती. मजकूर डोक्यात तयार होता, शिक्षण खात्याच्या पोर्टलवर कुठे टाकायचा ते भाच्याकडून माहीत करून घेतलं होतं. पण वर्गाच्या बाई मध्येच म्हणाल्या, "एका दिवसात सगळे वर्ग उरकायचे असतात. गैरहजर मुलांचा रकाना रिकामा ठेवला तर वरून पत्रक परत येतं. मी असते तर भरला नसता असं मी छातीठोक सांगणार नाही."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आज ह्यांची वाट लागली. मलाही कळेना, ही बाई मला समजावतेय की वरिष्ठांना अडकवतेय. पण एवढं उघडं बोलणारं माणूस माझ्या धंद्यात मला भेटलेलं नाही.

मी म्हटलं, "तक्रार थांबवतो. पण पहिली ते चौथी सगळी मुलं पुन्हा तपासायची. दार बंद करून, एकेकाला आत घेऊन, रांग बाहेर. डोळा झाकायला हात नको, कापूस आणि रुमाल. आणि ह्या बाई समोर हव्यात."

"आणि?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"आणि माझ्या मुलीला पहिला बाक."

"तो तिला चिठ्ठी दिली त्याच दिवशी दिलाय," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही मागे बसलात तेव्हा ती पुढेच होती."

चार तासांतले दोन तास शाळेत करायचं बाईंनीच सुचवलं. शाळा भरल्यापासून दोन तास पट्टी, मग काढून डबीत. वर्गातल्या चाच्यांचा कप्तान म्हणून तिला बसवतात, असं ऐकलं. त्या दोन तासांत बाई फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितात, असंही ऐकलं. ऐकलं म्हणतो, कारण मी बघितलेलं नाही. एकदा बघायला गेलो होतो, शिपायाने फाटकावर अडवलं. संध्याकाळी मुलगी आली की मी तिच्या भुवईजवळ हात लावून बघायचो, चिकटीचा लालसर डाग आहे का. रोज असायचा. पण शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं लावली तरी डाग पडतोच. बायको म्हणाली, "आता पुरे हो." मी पुरे केलं नाही.

पुन्हा तपासणी झाली. मोठ्या बाईंनी निरोप पाठवला की आणखी दोन मुलांना डॉक्टरकडे पाठवलंय. खरंच दोन सापडली, की मला गप्प करायला सांगितलं, हे मला आजही माहीत नाही. बेसिनं तशीच उंच आहेत.

तीन महिन्यांनी पार्ल्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी उजवा डोळा झाकला आणि भिंतीवरचा आकड्यांचा तक्ता लावला. मुलीने पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली. मी खुर्चीतून उठलो.

"तक्ता बदला," मी म्हटलं.

"का?"

"बाहेर बसलो होतो तेव्हा आधीच्या मुलाचं ऐकू येत होतं. बदला तुम्ही."

डॉक्टर काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी बटण दाबलं. नवे आकडे आले. झाकणाच्या कडेशी बोट घालून मी फट नाही ना ते बघितलं. मुलगी मान न हलवता बसली होती. तिने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीत एका आकड्याला थांबली, मग तोही सांगितला. बरोबर होता. चौथ्या ओळीला ती पुढे झुकली, पुन्हा मागे टेकली. डॉक्टर तिला घाई करत नव्हत्या. मी खुर्चीची पाठ धरून उभा होतो.

"हे मला दिसत नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं. म्हणाल्या, तीन महिन्यांपूर्वी पहिलीच ओळ कशीबशी येत होती, पट्टी अशीच चालू ठेवा. मी त्यांच्या हाताखालचा कागद वळवून बघितला, तिसरीच ओळ लिहिलीय ना. तिसरीच लिहिली होती.